एकदा घेतलं ना बाप्पा!

कामठीतल्या कोणत्याही जुन्या दुकानात जा आणि गल्ल्यामागच्या भिंतीकडे बघा. मधोमध लक्ष्मी-गणपती, बाजूला हार घातलेले कैलासवासी वडील, त्यांच्या शेजारी फ्रेममध्ये गुमास्ता लायसन, मग फूड लायसन, मग जीएसटीचं सर्टिफिकेट. दिवाळीला झेंडूचा हार सगळ्यांना सारखाच. एका दुकानात तर वडिलांच्या फोटोची काच तडकलेली आहे आणि गुमास्त्याची नवीकोरी आहे. बरोबरच आहे. वडिलांची तारीख तपासायला कुणी येत नाही.

या भिंतीवर जे टांगता येत नाही, ते मी विकतो. धंद्याच्या सॉफ्टवेअरची लायसन्सं विकायची, ती चालू ठेवायची, दरसाल मुदत वाढवून घ्यायची आणि मधल्या काळात ‘चालून नाही रायलं’चे फोन घ्यायचे, हा माझा धंदा. बिलिंग, पगारपत्रक, अँटीव्हायरस असं बरंच काही माझ्या वहीत आहे, पण मोटर स्टँडपासून गोरा बाजारापर्यंत मला ओळखतात ते टॅलीवाला म्हणून. हिशेबाचं म्हणून कॉम्प्युटरवर जे जे दिसतं ते आमच्याकडे टॅलीच. प्रिंटरमध्ये कागद अडकला तरी ‘टॅलीत कागद फसला’ असाच फोन येतो, आणि मी जाऊन तो काढतोही, कारण समजावण्यापेक्षा कागद काढणं लवकर होतं.

आता मुख्य भांडण. ते दरवर्षी होतं आणि पहिलं वाक्य ठरलेलं असतं.

“एकदा घेतलं ना बाप्पा! मंग आता कायचे पैसे?”

त्याच गल्ल्यावर इलेक्ट्रॉनिक काटा ठेवलेला असतो. तोही शेठने एकदाच घेतलेला. तरी दरवर्षी त्याची तपासणी होते, शिक्का लागतो, फी भरली जाते, आणि शेठ हूं की चूं करत नाही. कारण शिक्का नसला तर वजनमापवाला इन्स्पेक्टर येतो. सॉफ्टवेअरची मुदत संपली तर येतो मी, तोही स्कूटरवर. मला पाहून कुणी घाईघाईने खुर्ची पुसल्याचं मला तरी स्मरत नाही.

त्यात टॅलीची गोष्ट आणखी नाजूक. कायमचं लायसन्स घेतलं की ते खरोखरच कायमचं तुमचं होतं. दरवर्षी वाढवायची असते ती टीएसएस नावाची सेवा. तिच्यामुळे नव्या आवृत्त्या मिळतात, जीएसटीच्या पोर्टलशी सॉफ्टवेअर थेट बोलतं, असे बरेच फायदे. पण ती वाढवली नाही तरी टॅली बंद पडत नाही. ही वस्तुस्थिती आहे आणि प्रामाणिक माणसाच्या धंद्याला वस्तुस्थितीइतकं वाईट दुसरं काही नाही.

“नाई भरले पैसे तं बंद पडते काय?”

“नाही.”

“मंग?”

या ‘मंग’ला मी आजवर जेवढी उत्तरं दिली त्यातलं एकही कुणाला पटलेलं नाही. शेवटी पैसे मिळतात ते माझा पडलेला चेहरा बघून. माझी बायको म्हणते, तुम्ही लायसन्स नाही, चेहरा विकता.

टॅलीची जन्मकथा मी पूर्वी गिऱ्हाइकांना हौसेने सांगायचो. ती बापलेकांची आहे आणि आमच्याकडे दुकान म्हटलं की बापलेक आलेच. श्यामसुंदर गोयंका कापड गिरण्यांना, कारखान्यांना कच्चा माल आणि यंत्रांचे सुटे भाग पुरवायचे. हिशेबासाठी मनाजोगतं सॉफ्टवेअर मिळेना, म्हणून त्यांनी गणित शिकलेल्या मुलालाच, भरत गोयंकांना, ते तयार करायला लावलं. १९८६ साली डॉसवर चालणारा ‘प्यूट्रॉनिक्स फायनान्शियल अकाउंटंट’ आला, त्याचंच पुढे टॅली झालं. खात्यांचे आकडी कोड पाठ करायचे नाहीत, सरळ नाव टाकायचं, ही त्यातली खरी अक्कल. बंगळुरूच्या या कंपनीने १९९९ साली टॅली सोल्युशन्स हे नाव घेतलं आणि २०२० साली भरत गोयंकांना पद्मश्री मिळाली. एवढं सगळं मी एका किराणावाल्या काकांना रंगवून सांगितलं. काकांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि गल्ल्यावर बसलेल्या आपल्या चिरंजिवांकडे वळले.

“पाह्य. त्याच्या पोरानं बापासाठी फुकट बनवून देल्लं. अन् तू मले पैसे मांगून रायला, टॅलीवाल्याले द्याले.”

तेव्हापासून ती कथा मी बंद केली.

लायसन्स दोन जातींचं असतं. एका कॉम्प्युटरसाठी सिल्व्हर, अनेक कॉम्प्युटर जोडायचे असतील तर गोल्ड. आमच्या बाजारातल्या एका सराफाने सिल्व्हर घेतलं. दुकानात तीन कॉम्प्युटर, तिन्हीवर बसायला माणसं, आणि लायसन्स एक. मी म्हटलं, शेठजी, तुम्हाला गोल्ड लागेल. त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. “गोल्डचा भाव मला सांगू नका,” म्हणाले. आता तिथे सकाळी एक जण बिलं टाकतो, दुपारी दुसरा खरेदी, संध्याकाळी तिसरा उधारी. बाकीचे दोन कॉम्प्युटर तेवढ्या वेळात पत्ते खेळतात.

पण हे झालं विकत घेणाऱ्यांचं. न घेणाऱ्यांची जमात वेगळी. “नागपुरात तीनशे रुपयांत मिळते, पेन ड्राइव्हमध्ये,” असं सांगणारा भाचा प्रत्येक घरात एक असतोच. अशा वेळी मी कॉपीराइट कायद्यातलं कलम ६३ ब काढतो. जाणूनबुजून चोरीचं सॉफ्टवेअर वापरलं तर कमीत कमी सात दिवस आणि जास्तीत जास्त तीन वर्षं कैद, शिवाय पन्नास हजार ते दोन लाख दंड. नफ्यातोट्याच्या धंद्यासाठी वापरलं नसेल तर न्यायालय कैद माफ करू शकतं, पण दुकानदाराला ती सवड नाही. हे ऐकून माणूस हादरेल अशी माझी समजूत होती. एका टाइल्सवाल्याने फक्त एवढंच विचारलं:

“सात दिवस कोणत्याही तारखेले जाता येते काय? म्हणजे वीस तारीख टाळून?”

वीस तारखेला जीएसटीआर-३बी भरायचं असतं. माणूस चोर होता, पण विवरणपत्र वेळेवर भरणारा चोर होता.

कन्हानच्या पलीकडे एक धान गिरणी आहे. तिथल्या मुनीमजींचा कॉम्प्युटर बिघडला. कुण्या पोराने तो फॉरमॅट केला, टॅली पुन्हा टाकलं आणि लायसन्स चालू न करताच निघून गेला. लायसन्स नसलं की टॅली शिकाऊ अवतारात उघडतं. त्याला एज्युकेशनल मोड म्हणतात. सगळं चालतं, फक्त नोंदींना तारखा टाकता येतात त्या १, २ आणि ३१ अशा. मुनीमजी जुन्या वळणाचे, यंत्राशी वाद न घालणारे. यंत्र जी तारीख घेईल ती त्यांनी दिली. ऐन हंगामातला डिसेंबर, धानाच्या ट्रॅक्टरांची रांग लागलेली, आणि सगळी खरेदी नोंदली गेली तीन तारखांना. महिना संपल्यावर चोपडी सीए साहेबांकडे गेली. त्यांनी गिरणीमालकाला फोन करून आदराने विचारलं, “भाऊ, तुमच्याकडे तीन तारखेपासून तीस तारखेपर्यंत काय असते? उपास?”

मुनीमजींना मी सगळं समजावून सांगितलं. ते म्हणाले, “मले वाटलं सरकारनं नवीन नियम काढला असंन.” यावर हसण्याआधी आठवून बघा, १ जुलै २०१७ नंतर आपण किती नियम असेच, काही न विचारता, पाळायला लागलो.

लायसन्सचा खरा आत्मा मात्र सॉफ्टवेअरमध्ये नसतो, तो ईमेलमध्ये असतो. लायसन्स घेताना जो ईमेल दिला तो मालक. कॉम्प्युटर बदलला, पुन्हा चालू करायचं झालं, की चावी त्याच ईमेलवर येते. आणि कामठीत हे ईमेल कुणी काढले? दुकानमालकांनी? छे. त्या वेळी दुकानात जो अकाउंटंट पोरगा होता त्याने, सायबर कॅफेत बसून, स्वतःला आवडेल त्या नावाने. माझ्या वहीत एका खताच्या प्रतिष्ठित दुकानाचं लायसन्स ‘डॅशिंग’ या शब्दाने सुरू होणाऱ्या ईमेलवर आहे. मालक सत्तरीचे आहेत आणि दर एकादशीला रामटेकला जातात.

एका हार्डवेअरवाल्याचा कॉम्प्युटर भर मे महिन्यात जळाला. त्याच्यावर वाळ्याच्या ताट्यांचा कूलर लावला होता, कॉम्प्युटरला ऊन लागू नये म्हणून. ऊन लागलं नाही, पाणी लागलं. नवा कॉम्प्युटर आला, टॅली टाकलं, चावी ईमेलवर गेली. ईमेल ज्याचा तो पोरगा आता हैदराबादला. त्याला फोन लावला तर तो पासवर्ड विसरलेला. पासवर्ड बदलायचा तर कोड जाणार मोबाइलवर, आणि मोबाइल नंबर जो दिला होता तो एका मुलीचा, जिच्याशी त्याचं लग्न ठरता ठरता राहिलं. मुलगी गोंदियाला दिलेली. हे सांगताना पोरगा इतका हळवा झाला की मूळ विषय टॅलीचा आहे हे त्याला दोनदा आठवून द्यावं लागलं.

हार्डवेअरवाल्याला धीर निघेना. बारा लाखांची उधारी त्या टॅलीत अडकलेली. त्याने कुठून तरी गोंदियाच्या घरचा नंबर मिळवला आणि माझ्यासमोरच लावला. फोन सासूबाईंनी उचलला.

“नमस्कार आई, कामठीहून बोलून रायलो. सूनबाईंच्या मोबाइलवर एक ओटीपी येईन, तेवढा सांगता काय?”

“ओटी? ओटी तं मागच्याच महिन्यात भरली आमच्या सुनेची.”

“ओटी नाही आई, ओटीपी. नंबर असते.”

“ओटीले नंबर काऊन लागते बाप्पा?”

मग सूनबाई आल्या. बाई हुशार. अर्ध्या मिनिटात सगळं समजल्या, सहा आकडे सांगितले आणि वर म्हणाल्या, “त्याले सांगा, आता तरी ईमेलवरून माझा नंबर काढ म्हणा.” तांत्रिक सहाय्याच्या इतिहासात एवढी नेमकी सूचना मी दुसरी ऐकलेली नाही. लायसन्स चालू झालं. हार्डवेअरवाला मला म्हणाला, “तुमच्या कंपनीत सगळ्याचं असंच असते काय?” मी म्हटलं, माझी कंपनी नाही, मी मधला. मधल्या माणसाला या देशात फार जुनी परंपरा आहे.

कामठीची छावणी १८२१ सालची. आज इथे ब्रिगेड ऑफ द गार्ड्सचं रेजिमेंटल सेंटर आहे, एनसीसीच्या अधिकाऱ्यांची प्रशिक्षण अकादमी आहे, आणि म्हणून गावात निवृत्त सुभेदारसाहेबही भरपूर आहेत. त्यातल्या एकांची सुरक्षारक्षक पुरवण्याची एजन्सी आहे. माझं सर्वांत शिस्तीचं गिऱ्हाईक. मी गेलो की रजिस्टरमध्ये आत येण्याची वेळ, कामाचं स्वरूप, बाहेर जाण्याची वेळ, सही. त्यांनी नवा कॉम्प्युटर घेतला. लायसन्स जुन्यावरून नव्यावर न्यायचं तर आधी जुन्यावर ‘सरेंडर’ करावं लागतं. मेनूत तसं स्वच्छ लिहिलेलं असतं. मी ते पडद्यावर आणलं आणि साहेबांना म्हटलं, इथे एंटर मारा. साहेबांनी वाचलं. चष्मा काढला, पुसला, परत वाचलं.

“हे मी नाही करणार.”

“साहेब, फक्त लायसन्स सरेंडर होईल.”

“लायसन्स कुणाच्या नावाने आहे?”

“तुमच्या.”

“मग?”

गार्ड्सचं ब्रीदवाक्य ‘पहला हमेशा पहला’ आहे. त्यात माघार बसत नाही हे मलाही मान्य. मी सुचवलं की तुम्ही चहाचं बघा, मी बघतो. साहेब पाठ करून खिडकीशी उभे राहिले, मी एंटर मारला. मग त्यांनी रजिस्टर ओढलं आणि सुवाच्य अक्षरात नोंद केली: ‘लायसन्स जुन्या मोर्चावरून नव्या मोर्चावर हलवले. नुकसान नाही.’ मी सही केली. मला त्या नोंदीचा आजही अभिमान आहे.

पूर्वी प्रत्येक कामासाठी प्रत्यक्ष जावं लागायचं. आता घरबसल्या दुसऱ्याचा कॉम्प्युटर चालवता येतो. समोरच्याने पडद्यावरचा नऊ-दहा आकडी नंबर तेवढा सांगायचा. तेवढाच. तो कसा येतो ऐका.

“हव, सांगतो. एकोणऐंशी.”

“सात नऊ?”

“नाही, आठ नऊ.”

“मग ते एकोणनव्वद.”

“तेच ते. पुढचं उनहत्तर.”

“भाऊ, एकतर मराठीत सांगा नाहीतर हिंदीत.”

“मिक्स चालून रायलं ना. लिहा, डबल झिरो. नाही नाही, एक झिरो अन् एक गोल.”

गोल म्हणजे काय हे विचारेपर्यंत मागून हावडा लाइनची मालगाडी सुरू होते. ती संपेपर्यंत दोघंही फोन धरून शांत बसतो, कारण कामठीकराला सवय आहे. गाडी जाते, मी ‘हां, बोला’ म्हणतो, तेवढ्यात गल्लीतल्या तारेवर पतंग अडकून लाइट जाते. एकीकडे कोराडीच्या चिमण्या, दुसरीकडे खापरखेड्याच्या. अख्ख्या महाराष्ट्राला वीज पोचवणारी दोन औष्णिक केंद्रं दोन्ही हातांना घेऊन आम्ही एका पतंगापुढे अंधारात बसतो.

आणि जोडलं गेलंच, तर मी माझ्या घरून माऊस हलवतो आणि तिकडे पडद्यावर बाण आपोआप फिरू लागतो. एक मुनीमजी तो प्रकार पहिल्यांदा बघून उठून उभे राहिले होते. आता सरावलेत. पण त्यांच्या मनात एक गोष्ट राहून गेली. “तुम्ही आले असते तं चहा पाजला असता,” ते म्हणतात. वरवर हे प्रेम आहे. आत हिशेब आहे. चहा पाजला की सेवाशुल्क फिटलं अशी आमच्या बाजारपेठेची रीत. समोशासकट असेल तर वार्षिक करार. दुरून काम केलं की चहा नाही, चहा नाही म्हणून हिशेबही नाही. तंत्रज्ञानाने माझं पेट्रोल वाचवलं आणि उत्पन्नही.

माझं पंचांग वेगळं आहे. त्यात अकरा तारीख जीएसटीआर-१ ची, वीस तारीख ३बी ची, आणि या दोन्ही दिवशी संध्याकाळी सहानंतर राहुकाळ. गेल्या वर्षीचं सांगतो. २२ सप्टेंबर २०२५ ला जीएसटीचे दर बदलले. बारा आणि अठ्ठावीसचे टप्पे जवळजवळ गेले. साबण, टूथपेस्ट, केसांचं तेल अठराचं पाचवर आलं, तूप-लोणी बाराचं पाचवर, सिमेंट अठ्ठावीसचं अठरावर. तो दिवस घटस्थापनेचा. लोकांच्या घरी घट बसत होते आणि मी येरखेड्याच्या एका दुकानात साबणाचे दर बसवत होतो. दुकानदाराचे प्रश्न तांत्रिक राहिले नव्हते.

“जुन्या स्टॉकच्या साबणावर जुना टॅक्स ना?”

“नाही, आज विकला तर आजचा दर.”

“पण साबण तं जुना आहे.”

“दर विकायच्या दिवसाचा, भाऊ.”

“बरं. मंग तुमच्या टॅलीवरचा टॅक्स किती कमी झाला?”

सॉफ्टवेअरवर अठरा टक्के होता, अठराच राहिला. हे सांगितल्यावर त्याच्या चेहऱ्यावर जो आनंद उमटला तो दर कमी झाल्याच्या आनंदापेक्षा मोठा होता. माझ्याकडून घ्यायचं त्याने पुन्हा वर्षभर पुढे ढकललं.

कायद्याने एक चांगली गोष्टही केली. १ एप्रिल २०२३ पासून कंपन्यांच्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक फेरफाराची नोंद राहिलीच पाहिजे. कुठली एंट्री केव्हा बदलली, आधी काय होती, सगळं दिसतं आणि ती नोंद बंद करता येत नाही. प्रायव्हेट लिमिटेड झालेल्या एका ट्रान्सपोर्टवाल्याला मी हे समजावलं. गृहस्थ बराच वेळ विचार करत राहिले. मग खुर्ची जवळ ओढून हळूच म्हणाले, “ते जे खोडल्याचं दिसते, ते खोडता येते काय?”

“येत नाही.”

“पुढच्या व्हर्जनमध्ये?”

या माणसाने टीएसएसची मुदत दरवर्षी न चुकता वाढवली आहे. ‘मंग?’ चं उत्तर मला त्याच्यात मिळालं. आमच्याकडे नवी आवृत्ती घेतली जाते ती आशेवर.

आता तुमच्यासाठी. तुमच्या दुकानात, ऑफिसात, गिरणीत हिशेबाचं कुठलंही सॉफ्टवेअर असो, ते कुठल्या ईमेलवर नोंदलंय आणि त्या ईमेलला कोणाचा मोबाइल जोडलाय, एवढं आजच उघडून बघा. तो तुमचा स्वतःचा नसेल तर बदलून घ्या. बॅकअप त्याच कॉम्प्युटरच्या दुसऱ्या ड्राइव्हमध्ये ठेवत असाल तर तो बॅकअप नव्हे. लक्ष्मीपूजनाला सीपीयूला कुंकू लावा, पण पेन ड्राइव्हच्या खाचेत लावू नका. आणि माझ्यासारख्याला फोन करायचाच असेल तर नऊ तारखेला करा. अकरा तारखेला मी उचलणार नाही.